गिंडीची मोजणी आणि डिस्कवरील हद्दी

चेन्नईच्या गिंडी भागाचे जमिनीच्या मोजणीशी जुने नाते आहे. १७९४ साली फोर्ट सेंट जॉर्जजवळ आठ विद्यार्थ्यांनिशी सुरू झालेली मोजणीशाळा पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाली आणि १९२० मध्ये गिंडीत आली. १९५९ साली पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने आयआयटी मद्रास स्थापन झाली, तेव्हा तिलाही गिंडीच्या वनातूनच जागा तोडून देण्यात आली. या संस्थेत १९७३ साली, पुन्हा जर्मन मदतीतूनच, आयबीएम ३७०/१५५ हा मोठा संगणक बसला.

संगणकाच्या इतिहासात या प्रतिमानाचे नशीब काहीसे विचित्र ठरले. एकाच यंत्रात अनेक आभासी यंत्रे उभी करण्याचा प्रयोग अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएमच्या संशोधन केंद्रात १९६४ पासून चालू होता. रॉबर्ट क्रीसी आणि लेस कोमो यांच्या चमूने घडवलेली सीपी-४० ही प्रणाली १९६७ च्या प्रारंभी कामाला लागली. तिचे विकाऊ रूप व्हीएम/३७० हे २ ऑगस्ट १९७२ रोजी जाहीर झाले. ३७०/१५५ ची घोषणा मात्र त्याआधीच, जून १९७० मध्ये झाली होती. आभासी स्मृतीसाठी लागणारे पत्ता-रूपांतराचे यंत्रांग मूळ १५५ मध्ये नव्हते; ज्यांना ते हवे, त्यांना वेगळे पैसे मोजून ते जोडून घ्यावे लागे. दोन वर्षांपूर्वीचे यंत्र घेतलेल्या ग्राहकांना हे रुचले नाही, यात नवल नाही.

व्हीएम/३७० पुढील खरा पेच स्मृतीचा नव्हता. प्रक्रियकाचा वेळ वाटून देता येतो. स्मृतीतील पाने गरजेनुसार आत-बाहेर करता येतात. डिस्कवर लिहिलेली माहिती मात्र वापरकर्ता घरी गेल्यावरही जागच्या जागी राहिली पाहिजे. म्हणून तेथे सरळ जमिनीसारखी वाटणी झाली. त्या काळच्या ३३३० डिस्कवर एकाखाली एक तबकड्या असत. सर्व तबकड्यांवरील समान अंतराच्या वर्तुळांना मिळून सिलिंडर म्हणत. असे ४०४ सिलिंडर वापरासाठी असत आणि त्यांत सुमारे १० कोटी अक्षरे मावत. प्रत्येक आभासी यंत्राला यांतील सलग पट्टा तोडून दिला जाई. त्याचे नाव मिनीडिस्क. एका नोंदवहीत तिचा पहिला सिलिंडर आणि एकूण संख्या लिहिलेली असे. ही नोंदवही म्हणजे डिस्कचा सातबाराच.

यातील युक्ती मोठी साधी होती. समजा, एखाद्याला ५१ पासून दहा सिलिंडर मिळाले आहेत. त्याच्या आभासी यंत्राला आपली डिस्क शून्यापासून नऊपर्यंत दिसे. त्याने तिसरा सिलिंडर मागितला की नियंत्रक प्रणाली त्यात ५१ मिळवून प्रत्यक्ष ५४ व्या सिलिंडरकडे जाई आणि हद्द ओलांडणारी मागणी परतवून लावी. नोंदवहीत मात्र दोघांच्या हद्दी चुकून एकमेकींवर चढल्या, तर एकाची माहिती दुसऱ्याच्या माहितीवर लिहिली जाई आणि त्या क्षणी कोणालाच ते कळत नसे. शेतजमिनीच्या तंट्यात निदान शेजारी ओरडतो तरी.

डिस्क अपुरी पडली म्हणजे काय करावे? साठावा सिलिंडर आपला आणि एकसष्टावा दुसऱ्याचा, तर जागच्या जागी वाढ अशक्य. अन्यत्र मोठा सलग पट्टा शोधायचा, तो सिद्ध करायचा, सगळी माहिती तेथे उतरवायची, मग नोंदवहीत फेरफार घालायचा. गंमत अशी की त्याच कंपनीच्या ओएस/३६० प्रणालीत साध्या फाइलीला यापेक्षा मोकळीक होती. पंचकार्डावर प्रारंभीची जागा आणि नंतरची वाढ अशा दोन संख्या लिहिल्या की फाइल एका डिस्कवर सोळापर्यंत विखुरलेल्या तुकड्यांत पसरू शके. अंदाज त्याहूनही चुकला तर काम अर्ध्यावर कोसळे.

विखुरलेल्या तुकड्यांची ही मोकळीक संपूर्ण डिस्कला देणे, हेच नंतरच्या काळातील मोठे पाऊल. युनिक्सच्या काही व्यापारी आवृत्त्यांत आणि १९९८ पासून हाइन्झ माउल्सहागेन यांच्या कामामुळे लिनक्समध्ये आलेली एलव्हीएम व्यवस्था डिस्कचे लहान समान तुकडे करते; सर्वसाधारणपणे प्रत्येकी चार मेगाबाइटचे. आभासी डिस्क ही अशा तुकड्यांची केवळ यादी असते. तुकडे सलग असण्याची सक्ती नसल्याने वाढ म्हणजे यादीत भर. शेजारी कोण, हा प्रश्नच उरला नाही.

तरीही क्रम सुटला नाही. वाढवताना आधी आभासी डिस्क, मग तिच्यातील विभाग, शेवटी फाइलव्यवस्था. अर्थात आधी जमीन, मग कुंपण, मग घर. कमी करताना नेमके उलट: घर आवरल्याशिवाय कुंपण आत घेतले, तर भिंत कुंपणाबाहेर राहते, म्हणजे फाइली कापल्या जातात. म्हणूनच ईएक्सटी४ ही फाइलव्यवस्था चालू असतानाही वाढवता येते, पण लहान करायची तर आधी तिचा वापर थांबवावा लागतो. एक्सएफएसमध्ये तर लहान करण्याची सोय दीर्घकाळ नव्हतीच. माहिती जेथे आहे तेथून हलवणे, हे १९७२ सालचे काम येथे अजून शिल्लकच आहे.

आज क्यूकाऊ२ सारख्या स्वरूपात आभासी डिस्क ही मूळ यंत्रावरील एक फाइल असते. १०० गीगाबाइटची घोषित डिस्क आरंभी जवळजवळ काहीच जागा घेत नाही. लिहिले जाईल तसे ६४ किलोबाइटचे गट भरत जातात. आतील फाइल पुसली तरी बाहेरची फाइल आपोआप आकसत नाही. मोकळी झालेली जागा आभासी यंत्राने तशी सूचना देऊनच परत करावी लागते. या सोयीवर भिस्त ठेवून एकाच डिस्कवर तिच्या क्षमतेच्या कितीतरी पट जागा अनेकांना नेमून दिली जाते. सर्वांनी एकदमच आपला वाटा वापरायला घेतला, तर मूळ डिस्क भरते, पुढचे लेखन अडते आणि आभासी यंत्रे थबकतात किंवा त्रुटी दाखवू लागतात. त्या वेळीही प्रत्येक यंत्राला आपल्या डिस्कवर भरपूर जागा मोकळी असल्याचेच दिसत असते.