आवडत्या नटाचा श्रेष्ठ चित्रपट: कोणत्या भाषेतला?

दिवाळीच्या सुटीत चार घरची माणसे एकत्र जमली, फराळाची ताटे पुढे आली, की गप्पांना विषय लागतो. आणि चित्रपटांइतका सर्वांना सामावून घेणारा विषय दुसरा नाही. आजोबांपासून नातवापर्यंत प्रत्येकाचा एक आवडता नट असतो, एक आवडती नटी असते. मग कुणीतरी विचारतो, ‘त्याचे सर्वांत चांगले तीन चित्रपट सांगा पाहू!’ प्रश्न साधा वाटतो. पण आपण पांढुर्णा-सौंसरकडची माणसे त्याचे उत्तर देऊ लागलो, की एक उपप्रश्न आपोआप उभा राहतो: कोणत्या भाषेतले?

नट मराठी असेल, तर हा उपप्रश्न टाळताच येत नाही. दुर्गा खोटे, ललिता पवार, सुलोचनाबाई, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, स्मिता पाटील, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे ही सारी माणसे दोन्ही भाषांत वावरली. त्यांची निवड एकाच भाषेतून केली, तर हिशेब अर्धाच राहतो. आपल्याकडे तो अर्धा राहण्याचा धोका अधिक आहे, आणि त्याला इतिहास आहे.

1956 पर्यंत आपला प्रांत हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांचा होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूरसह विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. 5 ऑक्टोबर 2023 पासून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तोही मध्य प्रदेशातच. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी ही आपली रीत तेव्हापासूनची. गंमत अशी, की जुन्या प्रांताचे नाव सरकारी कागदांवरून पुसले गेले, तरी चित्रपटांच्या धंद्यात ‘सी.पी.-बेरार’ हे वितरणक्षेत्र टिकून राहिले. चित्रपट आपल्याला जोडून ठेवतो म्हणतात, ते असेही खरे आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. बोलपटाचा आरंभच आपल्यासारखा द्विभाषिक होता, हे आजच्या मुलांना सांगायला हवे. मूकपटाला भाषेची अडचण नव्हती. पाट्या बदलल्या की एकच चित्र देशभर चाले. 14 मार्च 1931 रोजी ‘आलम आरा’ झळकला, पडदा बोलू लागला आणि प्रेक्षक भाषेभाषेत वाटला गेला. केवळ मराठी प्रेक्षकांच्या जिवावर मोठा खर्च भरून निघणे कठीण होते. 1929 साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या आणि 1933 मध्ये पुण्यास आलेल्या प्रभात फिल्म कंपनीने यावर उपाय काढला. एकाच कथेचे, त्याच देखाव्यात, मराठी आणि हिंदी असे दोन चित्रपट काढायचे. पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ 6 फेब्रुवारी 1932 रोजी प्रदर्शित झाला, त्याचीही हिंदी आवृत्ती निघाली. दोन्हींत राजा हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गा खोटे.

म्हणजे नटाने एकच भूमिका दोन भाषांत जगायची. संताप तोच, पण शब्द वेगळे. अश्रू तेच, पण संबोधने वेगळी. आपली मुले दप्तर घेऊन घराबाहेर पडताना रोज जे करतात, तेच प्रभातचे नट कॅमेऱ्यापुढे करीत होते. फरक इतकाच, की त्यांना दोन्ही भाषांत सारखाच मान होता. मराठीत नायिका आणि हिंदीत मोलकरीण, अशी वाटणी तेव्हा नव्हती.

‘कुंकू’ (1937) आणि त्याचे हिंदी रूप ‘दुनिया न माने’ यांचेच पाहा. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा चित्रपट. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली, पण त्याचे पत्नीपद मान्य न करणारी मुलगी शांता आपटे यांनी दोन्ही भाषांत उभी केली. तो वृद्ध पतीही दोन्हीकडे केशवराव दाते यांचाच. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाज हेच संगीत. त्यामुळे सारा भार अभिनयावर पडतो. शांता आपटे यांचा श्रेष्ठ चित्रपट कोणता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वाचकांनी दोन्ही रूपे पाहावीत आणि काकासाहेबांचे मन पालटते तो भाग कोणत्या भाषेत अधिक लागतो, ते स्वतः ठरवावे.

‘माणूस’ आणि ‘आदमी’ (1939) ही दुसरी जोडी. पोलीस शिपाई गणपत आणि वेश्या मैना. हिंदीत तो मोती झाला आणि ती केसर. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर दोन्हीकडे तेच. प्रेमभंगात स्वतःचा नाश करून घेणाऱ्या ‘देवदास’ला शांतारामबापूंनी दिलेले हे उत्तर होते: माणसाने जगायचे असते, कर्तव्य करायचे असते. इथे सीमाभागातल्या वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शाहू मोडक हे अहमदनगरचे ख्रिस्ती गृहस्थ. पडद्यावर श्रीकृष्ण म्हणून घरोघरी पूजनीय झाले. शांता हुबळीकर मूळच्या हुबळीकडच्या, कन्नड घरातल्या. मराठी पडद्यावरच्या अव्वल भूमिकांपैकी एक अशा बाईंनी केली, जिची घरची भाषा मराठी नव्हती. भाषा ही जन्माने मिळते तशी कष्टानेही मिळते, हे आपल्याकडच्या मुलांना सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

तिसरी जोडी ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ (1941). दोन जिवलग शेजारी, एक हिंदू आणि एक मुसलमान. त्यांच्यात धरणाच्या कंत्राटदाराने पाडलेली फूट. मिर्झांची भूमिका दोन्ही भाषांत गजानन जागीरदार यांनी केली. हिंदू शेजारी मराठीत केशवराव दाते झाले, तर हिंदीत मजहर खान. म्हणजे ‘पडोसी’त हिंदू नट मुसलमान झाला आणि मुसलमान नट हिंदू. जागीरदारांचे दोन श्रेष्ठ चित्रपट निवडायचे तर हा एक, आणि 1944 चा ‘रामशास्त्री’ दुसरा.

पुढे हे दिवस पालटले. 1942 मध्ये शांताराम प्रभातमधून बाहेर पडले; 1950 नंतरच्या काही वर्षांत प्रभातच बंद पडली. तिच्याच आवारात 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. मुंबईचा हिंदी चित्रपट वाढत गेला, त्याचे नायक-नायिका ठरून गेले, आणि मराठी नटनट्यांच्या वाट्याला तिथे नातेवाईक आले. सुलोचनाबाई नायकाची आई झाल्या. ललिताबाई खाष्ट सासू झाल्या. डॉ. लागू वडील, डॉक्टर किंवा न्यायाधीश झाले. निळूभाऊ बेरकी पुढारी झाले. लक्ष्मीकांत बेर्डे घरचा नोकर झाला. हिंदीत ही माणसे कुणाची तरी कोणी होती. मराठीत त्यांना स्वतःचे आयुष्य होते.

एकेकाचे पाहू. सुलोचनाबाईंना आपण हिंदीत किती चित्रपटांत डोळ्यांत पाणी आणून लेकाची वाट पाहताना पाहिले, त्याची मोजदाद नाही. पण ‘वहिनीच्या बांगड्या’ (1953) आणि ‘मोलकरीण’ (1963) पाहिल्याशिवाय त्यांची निवड करू नये. ‘मोलकरीण’मधली आईही आईच आहे, पण शिकून मोठ्या झालेल्या मुलाच्या घरात मोलकरीण म्हणून राहणारी. तिथे आई ही चित्रपटाच्या कोपऱ्यात नाही, मध्यभागी आहे.

ललिता पवार यांच्याबाबत मात्र तराजू बरोबरीत येतो. 1942 साली चित्रीकरणात बसलेल्या थपडेने त्यांच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्यात कायमचा दोष आला. नायिका होण्याची वाट बंद झाली आणि त्याच डोळ्याच्या बळावर त्यांनी दुष्ट स्त्रियांची परंपरा उभी केली. 1987 पासून दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले आणि घराघरांत त्या मंथरा म्हणून ओळखल्या गेल्या. पण त्या अपघाताआधीचा मास्टर विनायकांचा ‘अमृत’ (1941) पाहावा. कोकणातल्या चांभार कुटुंबातली त्यांची स्त्री पाहिली, की मंथरेच्या मागे दडलेली अभिनेत्री दिसते. आणि हिंदीतला ‘अनाडी’ (1959) सोडून चालणार नाही. बाहेरून कडक आणि आतून मायेची मिसेस डिसा त्यांना फिल्मफेअर पारितोषिक देऊन गेली. माझ्या यादीत ‘अमृत’ आणि ‘अनाडी’ शेजारी शेजारी आहेत.

डॉ. लागूंविषयी लिहिताना मुख्याध्यापकाने थोडा पक्षपात केला तर वाचकांनी क्षमा करावी. त्यांच्या दोन सर्वश्रेष्ठ भूमिका मास्तरांच्या आहेत. ‘पिंजरा’तला (1972) आदर्श मास्तर तमासगिरिणीच्या मोहात पडतो, आणि शेवटी स्वतःच्याच खुनाबद्दल फासावर जातो, गावाने उभारलेला त्याचा पुतळा मात्र शाबूत राहतो. ‘सामना’तला (1974) मास्तर दारूत बुडालेला, जुना स्वातंत्र्यसैनिक. तो साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटलाला मारुती कांबळे नावाच्या माणसाचे काय झाले, एवढेच विचारत राहतो. हिंदुराव म्हणजे निळू फुले. दोन तोलामोलाचे नट समोरासमोर बसून एका प्रश्नाभोवती अख्खा चित्रपट खेचून नेतात, असे भारतीय पडद्यावर क्वचितच झाले असेल. 1975 साली हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गेला. हिंदीत लागूंचे ‘घरौंदा’ (1977) जरूर पाहावे, निळूभाऊंचे ‘सारांश’ (1984) पाहावे. दोन्ही चांगलीच कामे आहेत. पण ज्याने त्यांना फक्त तिथे पाहिले, त्याने ‘सामना’तला मास्तर आणि ‘सिंहासन’मधला (1979) निळूभाऊंचा दिगू पत्रकार पाहिलाच नाही.

लक्ष्मीकांत बेर्डे यांचे तर अधिकच ठळक आहे. हिंदीच्या प्रेक्षकाला तो ‘मैंने प्यार किया’तला (1989) गमत्या नोकर. मराठीत ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) त्याने आणि अशोक सराफ यांनी अजरामर केला. आणि ‘एक होता विदूषक’मध्ये (1992) तमाशातल्या सोंगाड्याची उभी हयात त्याने पेलली. पटकथा पु. ल. देशपांडे यांची, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचे. लोकांना हसवणारा माणूस आतून कसा रिता होत जातो, हे त्यात पाहिले की नोकराच्या भूमिकेत किती मोठा नट वापरला गेला, याची जाणीव होते.

म्हणून काय मराठी तेवढे श्रेष्ठ? तसे मुळीच नाही. नूतन मराठी घरातली, शोभना समर्थ यांची मुलगी. तिची निवड ‘सुजाता’ (1959) आणि ‘बंदिनी’ (1963) सोडून कुणी करू पाहील तर ते हटवादीपणाचे होईल. दुर्गाबाईंची जोधाबाई (‘मुघल-ए-आझम’, 1960) त्यांच्या तारामतीइतकीच लक्षात राहते. आणि स्मिता पाटील! ‘भूमिका’ (1977) हा हिंदी चित्रपट. पण त्याचा आधार हंसा वाडकर या मराठी अभिनेत्रीचे ‘सांगत्ये ऐका’ हे मराठी आत्मकथन. मराठी बाईचे आयुष्य, मराठी पुस्तक, मराठी अभिनेत्री, भाषा हिंदी. आणि त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार. दुसऱ्या बाजूला ‘उंबरठा’ (1982). घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक होणारी सुलभा महाजन तिने मराठीत केली आणि ‘सुबह’ या हिंदी रूपातही केली. प्रभातची जुनी रीत जणू चाळीस वर्षांनी परत आली. 13 डिसेंबर 1986 रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी ती गेली. पण दोन्ही भाषांना तिने सारखेच दिले.

या सगळ्यातून मी माझ्यापुरता एक नियम काढला आहे. मराठी नटाचे श्रेष्ठ चित्रपट निवडताना कागदावर दोन रकाने आखावेत, एक मराठीचा, एक हिंदीचा. दोन्ही भरल्याशिवाय निकाल देऊ नये. एखादा रकाना रिकामा राहिला, तर दोष नटाचा नसून आपल्या पाहण्यात उणीव आहे, असे समजावे.

हे मी का सांगतो आहे? आपल्या मुलांचा हिंदी रकाना भरलेला असतो. शाळेत, बाजारात, टीव्हीवर हिंदी त्यांना न मागता मिळते, आणि ते चांगलेच आहे. हिंदीही आपलीच आहे. मराठीचा रकाना मात्र घरानेच भरावा लागतो. एखाद्या मुलाला अशोक सराफ म्हटल्यावर फक्त ‘करण अर्जुन’मधला (1995) मुनशी आठवत असेल, तर त्याच्या हातून एका नटाचा मोठा भाग निसटतो. त्याबरोबर आजीच्या बोलण्यातल्या म्हणी, आजोबांचे विनोद, घरातली थट्टासुद्धा हळूहळू निसटू लागते. भाषा पाठ्यपुस्तकातून शिकता येते. तिच्यात हसणे आणि रडणे मात्र ती ऐकूनच यावे लागते.

पूर्वी मराठी चित्रपट पाहायचा तर पुष्कळदा शंभरेक किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागे. आता यांतले कितीतरी चित्रपट घरबसल्या सापडतात. तेव्हा या सुटीत एक संध्याकाळ राखून ठेवा. ‘कुंकू’ लावा किंवा ‘सामना’ लावा. मुले कंटाळतील असे वाटले तर आधी ‘बनवाबनवी’ लावा. मग फराळाच्या ताटाभोवती दोन रकान्यांचा कागद ठेवा आणि भांडा. माझी निवड वर दिलीच आहे. ती तुम्हाला पटू नये, अशी माझी इच्छा आहे. तुमची यादी माझ्या यादीशी जितकी भांडेल, तितका आपला मराठीचा रकाना भरत जाईल.