च-ची भाषा

च-ची भाषा : मराठी मुलांत खेळाखेळात चालत आलेली सांकेतिक बोली. शब्दाच्या आद्याक्षरातील व्यंजन काढून त्याच्या जागी 'च' बसवावयाचा, काढलेले व्यंजन शब्दाच्या अखेरीस न्यावयाचे, आणि आद्याक्षराचा स्वर मात्र होता तेथेच राहू द्यावयाचा, एवढ्या एकाच कायद्यावर हिचा सारा कारभार चालतो. 'मी जातो' याचे 'चीम चातोज' होते.

कायदा लहान असला तरी त्यात व्यंजनव्यवस्थेची मोठी समज आहे. व्यंजन नुसतेच गाळले असते, तर 'मळा', 'गळा' आणि 'लळा' हे तिन्ही शब्द 'चळा' या एकाच रूपात विलीन झाले असते. गाळलेले व्यंजन अखेरीस जपल्यामुळे त्यांची 'चळाम', 'चळाग' आणि 'चळाल' अशी तीन रूपे होतात व ऐकणाऱ्यास मूळ शब्द बिनचूक परत मिळतो. कोणतीही नवी भाषा रचणाराने प्रथम पाळावयाची अट हीच, की अर्थभेद करणारा ध्वनी हरवता कामा नये.

अडचण मात्र शब्दाच्या शेवटी उभी राहते. तुळजापूर तालुक्यात, सोलापूर–तुळजापूर रस्त्यावर वसलेल्या तामलवाडीचेच नाव घ्या. त्याचे 'चामलवाडीत' होते, आणि शेवटचा 'त' सप्तमीचा प्रत्यय आहे की गावाच्या नावातून निघालेले व्यंजन आहे, हे अनभ्यस्त कानाला उमगत नाही. प्रत्यक्ष 'तामलवाडीत' म्हणावयाचे झाल्यास 'चामलवाडीतत' असा दुहेरी 'त' उच्चारावा लागतो. 'सोलापूर'चे 'चोलापूरस' झाले की तेथेही जुन्या वळणाच्या 'स' प्रत्ययाचा तसाच भास होतो. शिवाय मराठीत शब्दान्तीच्या महाप्राणाचा जोर बोलण्याच्या ओघात उणावतो, 'दूध' पुष्कळांच्या तोंडी 'दूद' होते. त्यामुळे 'घर' आणि 'गर' यांची 'चरघ' व 'चरग' ही रूपे घाईच्या संभाषणात एकमेकांजवळ येतात. आरंभी जे व्यंजन ठळक उमटते तेच अखेरीस क्षीण होते, याचा विचार मुलांच्या या कायद्यात झालेला नाही.

खुद्द 'च'चा प्रश्नही आहेच. 'चार' या संख्येतील तालव्य 'च' आणि जनावरांच्या 'चारा'तील दन्त्य 'च' हे मराठीत दोन निराळे उच्चार असून छापील लिपीत दोहोंना एकच चिन्ह आहे. हा दोष बोलीचा नव्हे, आपल्या लेखनपद्धतीचा आहे. झामेनहोफने 1887 साली प्रसिद्ध केलेल्या एस्परान्तो या कृत्रिम भाषेच्या 28 अक्षरांपैकी 6 अक्षरांवर मुद्दाम खुणा दिल्या, त्या एका अक्षराला एकच ध्वनी असावा या हेतूने. तसा बंदोबस्त मराठीने आपल्या 'च' व 'ज' यांपुरता तरी करावा, असे प्रस्तुत लेखकास मनापासून वाटते.

सांकेतिक अक्षररचनेचा गंभीर उद्योग महाराष्ट्रात महानुभाव पंथाने केला. आपले ग्रंथ परक्यांच्या नजरेपासून राखण्यासाठी पंथीयांनी सकळ, सुंदरी आदी लिप्या योजिल्या. त्यांत अक्षरांचे ठरीव संकेत असल्याने किल्लीवाचून पोथी वाचता येत नसे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ही किल्ली हस्तगत करून विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात या वाङ्मयाचा मार्ग अभ्यासकांना मोकळा केला. तेथे फेरफार होता तो लिहिलेल्या अक्षरात, आणि वाचणारा पान समोर ठेवून सावकाश ताडून पाहू शकत असे. च-ची भाषा चालते ती उच्चारात, आणि उच्चार ऐकणाऱ्यासाठी थांबत नाही. म्हणून ही बोली कागदावर उतरवावयाची असल्यास नेलेले व्यंजन संयोगचिन्हाने अलग दाखवावे, 'चामलवाडी-त'. म्हणजे प्रत्यय कोणता आणि मूळ व्यंजन कोणते, हा घोटाळा निदान लेखनात तरी उरणार नाही.