नांगराच्या कारखान्यापासून कोडिंगपर्यंत: सातारा-सांगलीत हुन्नर कसा शिकला गेला

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात सध्या चर्चेत असणार. बारावी झाली, नाहीतर बीसीए किंवा बीएस्सी झालं, आणि आता वेब प्रोग्रॅमिंग शिकायचंय. मग पुण्याला खोली घेऊन क्लास लावायचा, की इथंच साताऱ्यात, कराडात, सांगलीत राहून शिकायचं? घरचे विचारतात, "एवढे पैसे घातल्यावर नोकरी लागणार का?" आणि आपल्याकडं उत्तर नसतं.

मी या प्रश्नासाठी थोडा इतिहास चाळला. कारण नवा हुन्नर शिकायचा प्रश्न आपल्या भागाला नवीन नाही. शंभर वर्षांहून जास्त काळ इथं त्यावर प्रयोग चाललेत. तो इतिहास बघताना मी एकच प्रश्न हातात धरलाय, तो तुम्हीही धरा: शिकणाऱ्याला "तुझं हे काम चालत नाही" असं सांगणारं कोण होतं?

आधी एक गोष्ट लक्षात ठेवा. सातारा आणि सांगली हे पूर्वी वेगळे जिल्हे नव्हतेच. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' नावाचा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळं आजची गोष्ट दोन्हीकडं ये-जा करणार आहे.

शेतकऱ्यानं नापास केलेला नांगर

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. पुढं तिथल्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे व्हीजेटीआयमध्ये, शिकवायला लागले. यंत्रांचं बरंचसं ज्ञान त्यांनी यंत्रं हाताळून आणि अमेरिकेतली तांत्रिक मासिकं वाचून मिळवलं. आजच्या भाषेत सांगायचं तर माणूस डॉक्युमेंटेशन वाचून शिकला. १८८८ मध्ये बेळगावात भावाबरोबर सायकलचं दुकान काढलं, मग लोखंडी नांगर बनवला.

नांगर बनला, पण घेणार कोण? लोखंडानं जमिनीत विष उतरतं, असा तेव्हा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली, असं सांगतात. मासिक वाचून नांगर बनवता येतो, पण तो विकत घेण्यालायक आहे की नाही, हे मासिक सांगत नाही. ते बांधावरचा शेतकरी सांगतो.

पुढं बेळगावची जागा सोडायची वेळ आली. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ माळरान दिलं, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. त्या माळावर तयार कारागीर कुठून मिळणार? माणसं तिथंच, कामावरच तयार करावी लागली. ओतकामात साचा चुकला तर वस्तू चुकीचीच बाहेर येते, आणि ती सगळ्यांना दिसते. वेगळी परीक्षा घ्यायची गरजच नाही.

बोर्डिंगमधली 'कमवा आणि शिका'

याच किर्लोस्करांचे नांगर गावोगाव फिरून विकणाऱ्यांमध्ये एक तरुण होते, भाऊराव पाटील. तेच आपले कर्मवीर. पुढं साताऱ्यात कूपर यांचा कारखाना उभा राहिला, त्या उभारणीतही ते होते. रयत शिक्षण संस्थेबद्दल बोलताना आपण हा भाग विसरतो. रयतचा संस्थापक कारखान्याच्या आणि विक्रीच्या धंद्यातून आलेला माणूस होता.

४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावात रयत सुरू झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. मुलं स्वयंपाक करायची, शेतात राबायची, बांधकामावर जायची आणि शिकायची. हीच ती 'कमवा आणि शिका'.

याकडं आपण फक्त गरिबांची सोय म्हणून बघतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. भाकरी करपली तर शंभर पोरं उपाशी राहतात. भिंत वाकडी झाली तर ती पाडून पुन्हा बांधावी लागते. शिकणाऱ्याच्या कामावर कुणीतरी खरोखर अवलंबून होतं.

आणि यासाठी काय मोजावं लागलं, तेही विसरू नका. बोर्डिंगच्या मुलांना धान्य नव्हतं, तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी गळ्यातलं मंगळसूत्र मोडलं. शिक्षणासाठी घरातलं सोनं बाहेर काढायची वेळ आपल्याकडं आजही येते. फरक इतकाच, की आता ते सोनं बऱ्याचदा क्लासच्या फीसाठी गहाण पडतं. म्हणून ती फी कशासाठी जाते, हे तपासणं आपलं कर्तव्य आहे.

कॉलेजं आली, वर्कशॉप मागं पडलं

१९४७ मध्ये धोंडूमामा साठे यांच्या पुढाकारानं सांगलीत न्यू इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं. १९५५ पासून त्याचं नाव वालचंद. १९६० मध्ये कराडला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आलं. मग १९८३ साल उजाडलं. मुख्यमंत्री होते सांगलीचेच वसंतदादा पाटील. त्यांच्या सरकारनं विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, आणि त्या एकाच वर्षी साखराळ्याला, बुधगावला आणि साताऱ्याला नवी कॉलेजं निघाली. ज्या घरांतून कुणी इंजिनिअर होईल असं वाटलं नव्हतं, तिथली मुलं इंजिनिअर झाली. हा फायदा मोठा आहे, तो नाकारायचं कारण नाही.

पण आपला प्रश्न आठवा. आता काम नापास कोण करत होतं? पेपर तपासणारा. त्याला तुमचा प्रोग्रॅम वापरायचा नव्हता. प्रोग्रॅम वहीत लिहून मार्क मिळत होते. पुढं कॉम्प्युटरच्या शिक्षणात हेच दुखणं वाढत गेलं.

इंटरनेट आलं, आणि गंमत झाली

३० एप्रिल १९९३ ला युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेनं वेब सगळ्या जगाला मोफत खुलं केलं. कुणाला परवानगी मागायची नाही, कुणाला पैसे द्यायचे नाहीत. वेबची आणखी एक खासियत होती. कुठलंही पान उघडा, राइट क्लिक करा आणि त्याचा सोर्स बघा. पान कसं बनवलंय, हे त्याच्या पोटातच लिहिलेलं. जगातल्या पहिल्या पिढीचे कितीतरी वेब प्रोग्रॅमर दुसऱ्यांच्या पानांचा सोर्स वाचून, मोडून, जोडून शिकले. लक्ष्मणरावांची अमेरिकन मासिकं आठवतात ना? तोच प्रकार.

भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला. १९९८ मध्ये आपल्या शेजारी मोठा प्रयोग झाला. वारणा साखर कारखान्याच्या परिसरातली, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावं कॉम्प्युटरनं जोडली गेली. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तिथं येऊन बघितलं. शेतकऱ्यांना लागत होती मुख्यतः आपल्या उसाची आणि खताची माहिती. त्यांनी सात गावांत कॉम्प्युटरऐवजी साध्या मोबाइलवर एसएमएसनं ती देऊन बघितली, आणि काम भागलं. बघा, पुन्हा बांधावरच्या शेतकऱ्यानंच निकाल दिला.

२००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी घराघरात पोचलं. आपल्या दोन जिल्ह्यांत तुम्हाला हा कोर्स न केलेला सरकारी नोकरीचा उमेदवार क्वचितच भेटेल. त्यानं लाखो लोकांची माउसची भीती घालवली. मात्र तो कॉम्प्युटर वापरायला शिकवणारा कोर्स आहे, प्रोग्रॅमर घडवणारा नाही. पण सर्टिफिकेट मिळालं म्हणजे कॉम्प्युटर आला, ही सवय तेव्हापासून आपल्या अंगात भिनली. कोडिंगच्या क्लासची जाहिरात आज त्याच सवयीवर चालते.

आज काय आहे हाताशी?

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. शिकायचं साहित्य आता जवळजवळ फुकट आहे. एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्पवर एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट पहिल्यापासून शिकता येतं. इंग्रजीची धास्ती असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठी आवाजातले धडे आहेत, पीएचपी आणि मायएसक्यूएलचेही. दहावीनंतर आयटीआयमध्ये 'कोपा' नावाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, त्यात वेब पान बनवायला शिकवतात. जवळच्या आयटीआयमध्ये तो आहे का, ते विचारा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून इंजिनिअर नसलेल्या पदवीधरांनाही स्टायपेंड घेऊन कंपनीत शिकता येतं. कमवा आणि शिकाचंच हे कायद्यातलं रूप.

एक अडचण मात्र आपल्या पिढीची आहे. बहुतेकांकडं फक्त फोन आहे. फोनवर वेबसाइट नीट दिसते, पण तिचं पोट दिसत नाही. राइट क्लिकच नाही! धडे फोनवर ऐका, पण टाइप करायला कॉम्प्युटर लागतोच. कॉलेजची लॅब, वापरलेला जुना लॅपटॉप, तीन मित्रांत एक, काहीही चालेल. क्लासच्या फीआधी पैसे यावर घाला.

मग उरतं ते दुर्मिळ काय? तेच, "हे चालत नाही" सांगणारं माणूस. व्हिडिओ तुम्हाला थांबवत नाही. एआयला सांगितलं तर तो कोडही लिहून देतो, आणि चूक असलेला कोडही तितक्याच आत्मविश्वासानं देतो. चूक ओळखणारी नजर तुमची तुम्हालाच तयार करावी लागते. ती तयार होते दुसऱ्यानं आपलं काम तपासल्यावर.

हे काही ठिकाणी चालतंही. सांगलीच्या वालचंदमध्ये विद्यार्थ्यांचाच लिनक्स यूजर्स ग्रुप आहे. सिनियर पोरं ज्युनियरना शिकवतात, कार्यशाळा घेतात. तुमच्या कॉलेजात असं काही नसेल तर पाच जण जमवा. आठवड्यातून एकदा एकमेकांचा कोड वाचायचा, एवढाच नियम.

क्लास लावायचाच असेल तर लावा, त्यात कमीपणा नाही. पण फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. माझा कोड कोण वाचणार, आणि किती दिवसांनी? शेवटी माझ्याकडं सगळ्यांना उघडून बघता येईल असं काय तयार असेल? प्लेसमेंटची हमी लेखी देता का? पहिल्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तिथं तुम्ही व्हिडिओचेच पैसे भरताय.

आणि सुरुवात आपल्याच बाजारपेठेतून करा. सांगलीच्या हळदीचा व्यापार आहे, तासगावचा बेदाणा आहे, साताऱ्याचे कंदी पेढे आहेत. फुलांच्या हंगामात कास पठारावर जायचं तरी लोक ऑनलाइन बुकिंग करतात. म्हणजे इथल्या माणसाला वेबची सवय लागलीय. ओळखीच्या एका दुकानदाराला गाठा. त्याच्यासाठी एकच पान बनवा: भाव, पत्ता, फोन नंबर. ठरवून थोडे का होईना, पैसे घ्या, कारण पैसे दिले की माणूस हक्कानं चुका काढतो. मग ते पान त्याच्याच फोनवर उघडायला सांगा आणि शेजारी गप्प उभे राहा. त्याचा अंगठा जिथं अडेल, तो तुमचा पुढचा धडा.

किर्लोस्करांचा नांगर शेतकऱ्यानं आधी नाकारला आणि मग घेतला. त्या दोन वर्षांत जे शिकणं झालं, ते कुठल्याच मासिकात छापलेलं नव्हतं. तेव्हा घरच्यांनी "नोकरी लागणार का?" विचारलं, की निदान एवढं सांगता आलं पाहिजे: "अमुक माणूस माझं काम वापरतो, त्यानं काढलेल्या चुका मी दुरुस्त केल्यात. हे बघा."

चला, आजच्यापुरतं एवढंच. हेडफोन काढा आणि आधी दुकानदार शोधा. भेटू पुढच्या भागात!