व्हॉल्टेअर, एक गणिती आणि फ्रेंच खजिन्याची चूक : सोडतीच्या हिशेबाचा इतिहास (थ्रेड)

१/ इ.स. १७२९-३० मध्ये फ्रान्सच्या राजसत्तेने काढलेली एक सोडत तीच मंडळी महिन्यामागून महिने जिंकत राहिली. चिठ्ठ्यांमध्ये कोणताही फेरफार झालेला नव्हता आणि एकही नियम मोडला गेला नव्हता. या मंडळींनी फक्त नियमावली सरकारपेक्षा अधिक लक्षपूर्वक वाचली होती. त्यांच्यात एक तरुण गणिती होता आणि एक कवी-नाटककार. कवीचे नाव व्हॉल्टेअर.

२/ या सोडतीचे मूळ फ्रान्सच्या कर्जात होते. १७१५ मध्ये चौदावा लुई मरण पावला, तेव्हा त्याच्या प्रदीर्घ युद्धांनी खजिना पोखरलेला होता. त्यावर जॉन लॉ या स्कॉटिश अर्थतज्ज्ञाने कागदी चलन आणि मिसिसिपी कंपनीच्या समभागांचा उपाय योजला. १७२० मध्ये तो डोलारा कोसळला आणि हजारो कुटुंबांची बचत बुडाली. लोकांचा सरकारी कागदावरचा विश्वास उडाला.

३/ तरीही कर्ज काढल्यावाचून राज्य चालत नव्हते. पॅरिसच्या नगरभवनाच्या नावाने विकले जाणारे कर्जरोखे हा त्याचा जुना मार्ग होता. निवृत्त अधिकारी, विधवा, धार्मिक संस्था असे अनेक जण या रोख्यांच्या व्याजावर गुजराण करीत. सरकारने व्याजात कपात केली, तशी बाजारात रोख्यांची किंमत घसरली. दर्शनी किमतीला ते विकत घेण्यास कोणी तयार होईना.

४/ अर्थखात्याचा कारभार तेव्हा ल पेल्तिए-देफोर यांच्याकडे होता. रोखेधारकांना खूश करावे आणि कर्जही हळूहळू फेडावे, अशा दुहेरी हेतूने सोडतीची योजना पुढे आली. ज्याच्याजवळ रोखा आहे त्यालाच तिकीट घेता येईल. तिकिटाची किंमत रोख्याच्या दर्शनी किमतीचा हजारावा भाग. ज्याचे नाव निघेल त्याला रोख्याची पूर्ण दर्शनी किंमत मिळेल आणि शिवाय ५,००,००० लिव्रचे भरघोस बक्षीस.

५/ वरवर पाहता योजना न्याय्य वाटते. १,००० लिव्रचा रोखा असणारा १ लिव्र भरणार, १,००,००० लिव्रचा रोखा असणारा १०० लिव्र भरणार. प्रश्न एवढाच, की १०० लिव्र भरणाऱ्याला जिंकण्याची संधी १०० पट मिळते का? मिळत नव्हती. रोखा लहान असो वा मोठा, सोडतीत त्याची एकच चिठ्ठी पडत असे.

६/ चूक नेमकी येथे होती. १,००,००० लिव्रच्या एका रोख्यावर १०० लिव्र भरून एक संधी मिळे. तेवढ्याच रकमेचे हजार-हजार लिव्रचे शंभर रोखे घेतले, तर तेच १०० लिव्र भरून शंभर संधी मिळत. बक्षिसाचे पाच लाख दोघांना सारखेच. शिवाय हे रोखे बाजारात पडत्या भावाने मिळत आणि विजेत्याला मात्र पूर्ण दर्शनी किंमत रोख मिळे.

७/ ही गोष्ट ध्यानात आली ती शार्ल-मारी द ला कॉन्दामीन या तरुणाच्या. त्याचा जन्म १७०१ चा, म्हणजे तेव्हा तो तिशीच्या आत होता. एका भोजनप्रसंगी त्याची व्हॉल्टेअरशी गाठ पडली. व्हॉल्टेअर नुकताच इंग्लंडमधून परतला होता. एका उमरावाशी झालेल्या तंट्यात त्याला मार खावा लागला, बॅस्टिलच्या तुरुंगात जावे लागले आणि नंतर देश सोडावा लागला. उमरावाचे मात्र काहीच बिघडले नाही. पैसा आणि कुळ नसलेल्या लेखकाची किंमत काय असते, हे त्याने पुरते अनुभवले होते.

८/ एकट्यादुकट्याला या चुकीचा पुरता लाभ घेणे शक्य नव्हते. सोडतीतील बहुतेक चिठ्ठ्या आपल्याच असतील तरच नफा खात्रीचा होणार होता. त्यासाठी लहान रोखे मोठ्या संख्येने हवेत, भांडवल हवे आणि तिकिटे विकण्याचा अधिकार असलेल्या नोटरींची साथ हवी. म्हणून भागीदारांचा संघ उभा राहिला. व्हॉल्टेअरचे वडील स्वतः पॅरिसमध्ये नोटरी होते. त्या वर्तुळाची रीतभात त्याला घरातूनच ठाऊक होती.

९/ संघाचे गणित सरळ होते. प्रत्येक सोडतीत सरकार आपल्या पदरचे लाखो लिव्र घालत होते आणि तिकिटांतून त्याला मिळणारी रक्कम मात्र, तिकिटे लहान रोख्यांवर घेतली गेली तर, फारच थोडी होती. म्हणजे सर्व तिकिटांची एकूण किंमत बक्षिसांच्या रकमेहून कमी. अशा सोडतीत सगळी तिकिटे घेणाऱ्याचे नुकसान होऊच शकत नाही. उतारवयात लिहिलेल्या आत्मचरित्रपर टिपणात व्हॉल्टेअरने हाच हिशेब अगदी थोडक्यात आणि निर्विकारपणे नोंदवला आहे.

१०/ भांडे फुटायचे ते फुटलेच. तिकिटावर नावाऐवजी एखादे शुभवचन वा चटोर ओळ लिहिण्याची तेव्हा प्रथा होती. संघाच्या तिकिटांवर ला कॉन्दामीनच्या कल्पनेची तारीफ करणारे मजकूरही होते, असे सांगतात. देफोर यांनी पैसे अडवून धरले, प्रकरण वर गेले. परंतु मोडलेला नियम दाखवता येईना. निकाल संघाच्या बाजूने लागला. १७३० मध्ये देफोर यांचे पद गेले आणि सोडतही बंद झाली. व्हॉल्टेअरच्या वाट्याला सुमारे पाच लाख लिव्र आले असावेत, असा अंदाज केला जातो.

११/ ही कथा सहसा बुद्धीच्या विजयाची म्हणून सांगितली जाते. तिची दुसरी बाजूही पाहायला हवी. हा पैसा खजिन्यातून आला आणि खजिना करांतून भरत होता. तसेच ज्या विधवेने आपल्या एकुलत्या रोख्यावर तिकीट घेतले, तिची संधी संघाच्या चिठ्ठ्यांच्या ढिगाऱ्याखाली गाडली गेली. नियम मोडला नाही म्हणजे कोणाचे नुकसान झाले नाही, असे नव्हे.

१२/ आता मूळ प्रश्न. मंडळी एकत्र आली म्हणून जिंकली का? याचे उत्तर पॅरिसच्याच दुसऱ्या एका सोडतीत सापडते. एप्रिल १७५८ मध्ये राजकीय सैनिकी विद्यालयाच्या खर्चासाठी नवी सोडत सुरू झाली. तिच्या प्रवर्तकांत जाकोमो कॅसानोव्हा होता. जिनोआच्या धर्तीवर १ ते ९० या आकड्यांतून ५ आकडे काढले जात. एका आकड्यावर पैसे लावले आणि तो निघाला, तर १५ पट रक्कम मिळे.

१३/ आकडा निघण्याची शक्यता ९० पैकी ५, म्हणजे १८ त १. समजा, एका संघाने सर्व ९० आकड्यांवर प्रत्येकी १ लिव्र लावला. खर्च ९० लिव्र. पाच आकडे नक्की निघणार, म्हणजे ‘विजय’ शंभर टक्के खात्रीचा. हाती येणार ५ गुणिले १५, म्हणजे ७५ लिव्र. प्रत्येक वेळी जिंकून प्रत्येक वेळी १५ लिव्रचा तोटा! दोन आकडे जुळण्याची शक्यता सुमारे ४०० त १ आणि त्याचे बक्षीस २७० पट. तेथे तोटा याहून मोठा.

१४/ म्हणजे संघामुळे शक्यता वाढते, पण त्याच प्रमाणात वाटेकरीही वाढतात. ४९ आकड्यांतून ६ निवडण्याच्या आधुनिक लॉटरीत १,३९,८३,८१६ जोडण्या होतात. पन्नास जणांनी पन्नास वेगवेगळी तिकिटे घेतली, तर मोठ्या बक्षिसाची शक्यता सुमारे २,७९,६७६ त १ होते. बक्षीस मात्र पन्नास ठिकाणी वाटले जाते. सरासरी हिशेबात माणशी पदरात पडणारे तेवढेच. संघ दैवाचे चढउतार सौम्य करतो. तिकिटाचे मोल मात्र वाढवत नाही.

१५/ व्हॉल्टेअरचा संघ जिंकला तो सरकारने तिकीट त्याच्या मोलापेक्षा स्वस्त विकल्यामुळे. अशी संधी पुढेही क्वचित आली. फेब्रुवारी १९९२ मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात ४४ आकड्यांतून ६ निवडण्याच्या लॉटरीचे न जिंकलेले बक्षीस साठत साठत २.७ कोटी डॉलरवर गेले. जोडण्या ७०,५९,०५२ आणि तिकीट १ डॉलरचे. रुमानियात जन्मलेला आणि ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेला स्टीफन मँडेल या क्षणाची वाट पाहत होता.

१६/ त्याच्या संघात सुमारे २,५०० गुंतवणूकदार होते. बेत सगळ्या जोडण्या विकत घेण्याचा होता. पण दुकानांतील यंत्रे तिकिटे छापून छापून किती छापणार? मुदत संपेपर्यंत सुमारे ५० लाख तिकिटेच हाती आली. म्हणजे दहात सुमारे तीन इतकी शक्यता बक्षीस हुकण्याची होती. आणखी कोणी तोच क्रमांक निवडला असता, तर बक्षिसाची वाटणी झाली असती. विजयी तिकीट संघाकडेच निघाले. चौकशी झाली आणि अखेर रक्कम मिळाली, तीही वीस वार्षिक हप्त्यांत.

१७/ १७२९ आणि १९९२ या दोन्ही प्रसंगांत तीन गोष्टी समान दिसतात. बक्षिसांची रक्कम तिकिटांच्या एकूण किमतीहून मोठी होती. बहुतेक तिकिटे विकत घेण्याइतके भांडवल जमले होते. आणि ती प्रत्यक्ष मिळवण्याची यंत्रणा उभी होती. पहिली गोष्ट नसेल, तर उरलेल्या दोन्हींमुळे तोटा फक्त अधिक खात्रीचा होतो. कॅसानोव्हाच्या सोडतीसारख्या सोडतींत ती पहिली गोष्ट कधीच नसते. म्हणूनच सरकारे त्या चालवतात.

१८/ त्या पैशाचे पुढे काय झाले? व्हॉल्टेअरने तो व्यापारात आणि कर्जाऊ देण्यात गुंतवला व वाढवला. १७३४ मध्ये इंग्लंडवरील त्याची पत्रे पॅरिसच्या न्यायसभेच्या हुकमाने जाळण्यात आली. तरी कोणा आश्रयदात्याची मर्जी सांभाळण्याची पाळी त्याच्यावर आली नाही. १७६२ मध्ये झां कालास या प्रोटेस्टंट व्यापाऱ्याला खोट्या आरोपावरून देहदंड झाला, तेव्हा सीमेजवळच्या फेर्ने या आपल्या जहागिरीतून त्याने तीन वर्षे झुंज दिली. १७६५ मध्ये कालास निर्दोष ठरला.

१९/ ला कॉन्दामीन १७३५ मध्ये पृथ्वीचा आकार मोजण्याच्या मोहिमेवर विषुववृत्ताकडे गेला आणि परतताना ॲमेझॉन नदीतून प्रवास करून आला. १७५४ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्याने देवीच्या टोचणीच्या बाजूने निबंध वाचला. त्या काळच्या टोचणीनेही काही माणसे दगावत, म्हणून लोक भीत. त्यावर त्याने सोडतीचाच दृष्टान्त दिला. देवीचा रोग ही सक्तीची सोडत आहे, प्रत्येकाच्या हाती तिकीट आहे आणि दरवर्षी काही चिठ्ठ्या मृत्यूच्या निघतात. टोचणीने या सोडतीतून कोणी सुटत नाही. फक्त मृत्यूच्या चिठ्ठ्या कमी होतात.

२०/ पंचवीस वर्षांपूर्वी ज्या हिशेबाने त्याने राजाचा खजिना हलका केला, तोच हिशेब आता माणसांचे जीव वाचवण्यासाठी मांडला जात होता. किती चिठ्ठ्या आहेत, त्यांपैकी आपल्या किती आणि प्रत्येकीचे मोल काय, हेच तीन प्रश्न त्याने दोन्ही वेळा विचारले. आजही लॉटरीचे तिकीट घेणाऱ्याने, एकट्याने वा दहा जणांत मिळून, हेच तीन प्रश्न विचारायचे असतात. बहुतेक वेळा त्यांचे उत्तर तिकीट न घेण्याच्या बाजूने येते.