खोगीर आणि त्याची भरती

गावात कुठलीही समिती नेमली, की शेवटची दोन-चार नावे वाचताना मागून कोणीतरी म्हणतोच, "ही झाली खोगीरभरती!" संख्या पुरी करायला घेतलेली, कामाची नसलेली माणसे, असा त्याचा अर्थ. मोल्सवर्थच्या १८५७ सालच्या कोशातही हा शब्द याच हिणकस अर्थाने येतो. पण ज्याने खोगीर भरताना पाहिले आहे, त्याच्या तोंडी हा शब्द सहज येणार नाही. कारण खोगिरात भरतीशिवाय असते तरी काय? लाकूड नाही, लोखंड नाही. वरून कातडे किंवा जाड कापड आणि आत भरती. घोडा सांभाळायचा तो तिनेच.

आता जीन आणि खोगीर एकच समजतात. जुनी माणसे तसे समजत नव्हती. जिनाच्या पोटात लाकडाचा सांगाडा असतो. त्याच्या दोन फळ्या कण्याच्या दोन्ही अंगांना टेकतात आणि वरच्या माणसाचे ओझे पसरून देतात. खोगिराला सांगाडा नसतो. लोकर, चिंध्या, कापूस, नमद्याचे तुकडे जे मिळेल ते भरून दोन लांबट गाद्या करायच्या, त्या मधे जोडायच्या आणि तंगाने आवळायच्या. शब्द फारसीतून आला. खोय म्हणजे घाम आणि गीर म्हणजे धरणारा. घाम धरणारे ते खोगीर. नावातच त्याचे काम सांगितलेले आहे.

ही रीत काही आपल्या एकट्याची नाही. सायबेरियाच्या दक्षिणेला अल्ताई डोंगरात पाझिरिक इथे बर्फात गोठून राहिलेली जुनी थडगी सापडली, सव्वादोन ते अडीच हजार वर्षांपूर्वीची. माणसांबरोबर त्यांचे घोडेही पुरलेले होते आणि घोड्यांचा साजही टिकला होता. ती खोगिरे म्हणजे नमद्याने मढवलेल्या, आत केस भरलेल्या दोन उशाच. ग्रीक लोक तर नुसत्या कापडावर बसत. त्यांच्यातल्या झेनोफनने घोडेस्वारीवर पुस्तक लिहिले. घोडा घेताना 'दुहेरी' पाठीचा घ्यावा, असे तो सांगतो. दुहेरी म्हणजे कणा वर न आलेली, दोन्ही बाजूंचे मांस उचललेली आणि मधे पन्हळ असलेली पाठ.

आमच्या आबांनी झेनोफनचे नावही ऐकले नव्हते. पण बाजारात घोडा बघायला गेले, की ते आधी दात बघत नसत. मागे उभे राहून पाठीची पन्हळ बघत. मग पाठीवरून उलटा हात फिरवून पांढरे केस शोधत. काळ्या-तांबड्या घोड्याच्या पाठीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका दिसला, की घासाघीस न करता पुढे चालू लागत. खोगीर लागून जखम झाली, की ती भरल्यावर तिथे पुष्कळदा पांढरे केस येतात. "ह्याला कुणीतरी आधीच खाल्लाय," एवढेच ते म्हणत.

भीमेकाठच्या आमच्या भागात हे सगळे जुनेच. भीमथडीची तट्टे अंगाने लहान, पण दम मोठा. मराठ्यांची धावती फौज अशा दक्षिणी घोड्यांवर उभी होती. त्या फौजेत शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकार होते. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी पागेतला. सभासदाच्या बखरीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. पाणी आणि नाल यांची सोय सरकारने लावली होती. पाठीची काळजी मात्र रोज स्वार होणाऱ्यालाच घ्यावी लागणार. शिलेदाराचा घोडा गेला, म्हणजे त्याची रोजीही गेली आणि मानही गेला. मग दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर म्हणून बसायचे.

शिवाजी महाराजांचे चिपळूणजवळच्या दळवटण्याच्या छावणीतल्या जुमलेदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणागोटा आणि गवत आत्ताच उधळाल, तर पावसाळ्यात घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारलीत असे होईल, अशी त्यात ताकीद आहे. घोडी उपाशी पडली, की स्वार रयतेच्या दारात जाणार, हे त्यांना दिसत होते. घोड्याची आबाळ घोड्यापाशी थांबत नाही, गावापर्यंत येते.

आपण म्हणतो, पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका. घोड्याच्या बाबतीत पाठीवर मारले, की ते घरच्या पोटावरच येते. आमच्याकडे मी लहान असताना एस.टी. पोहोचली नव्हती. आबा मीठ-मिरची, हळद, सुपारी घेऊन चार गावचे बाजार करायचे. शेत कोरडवाहू, म्हणून खरा आधार त्या बाजारांचा. घोडी एक, खोगीर एक.

त्या खोगिराची भरती वर्षातून दोनदा उसवली जायची. पोळ्याच्या सुमाराला हिरवा चारा खाऊन घोडी भरलेली असायची. शिमग्यापर्यंत तिची पाठ उतरायची, कण्याच्या बाजूला खळगे पडायचे. लाकडाचे जीन एका मापाचे. घोडी वाळली म्हणून ते वाळत नाही. खोगिरात दोन मुठी लोकर इकडे घातली, तिकडून काढली, की झाले. आजी गोधडीच्या दाभणानेच ते शिवायची. आबा म्हणायचे, "जीन घोड्यावर बसतं, खोगीर घोड्याला बसतं."

भरतीत एक गोष्ट जपायची. मधली वाट मोकळी राहिली पाहिजे. माणूस वर बसल्यावर आबा मागून हात घालून बघत. कण्यावर बोटे सरकली तर ठीक, अडकली तर माणूस खाली. दोन गाद्या दबून एक झाल्या, की सगळे ओझे मणक्यावर येते. खाली घडी केलेले घोंगडे असे, पण घडीची कड किंवा गाठ खोगिराखाली येऊ द्यायची नाही. आणि घोंगडे मानेच्या मुळाशी, खांद्यांमधल्या उंचवट्यावर, थोडे वर उचलून ठेवायचे. तिथे ताणले गेले, की तिथेच घासते.

खोगिराच्या मर्यादाही त्यांना पक्क्या ठाऊक होत्या. आत सांगाडा नाही, म्हणून रिकिबीत एक पाय घालून लोंबकळत चढले, की खोगीर फिरते आणि कण्याला हिसका बसतो. म्हणून चढायचे ते पाराच्या दगडावरून. रिकिबीवर उभे राहून दौडायचे नाही, कारण सगळे वजन रिकिबीच्या वादीखालच्या चार बोटांवर येते. जडशीळ माणसाला लांबच्या वाटेला घोडी द्यायची नाही, मग तो पाटील असो की पाहुणा.

घरी आल्यावर खोगीर लगेच ओढून काढायचे नाही. आधी तंग सैल करायचा, थोडा वेळ तसेच राहू द्यायचे. दबलेल्या मांसात रक्त हळूहळू फिरले पाहिजे. मग खोगीर उचलून घामाचा ठसा वाचायचा. दोन्ही अंगांना सारखा ओला आणि मधे कण्याची रेघ कोरडी, असा ठसा चांगला. ओल्यात एखादा कोरडा डाग दिसला, तर तिथे भरती दाबते आहे. त्याच रात्री कंदिलाच्या उजेडात टाके उसवायचे.

एकदा एका लग्नाच्या वरातीसाठी घोडी मागून नेली. त्या लोकांना आमचे कळकट खोगीर नको होते. कुठून तरी झुली-आरशांचे लाकडी जीन भाड्याने आणले आणि आवळले. रात्रभर बाजे वाजले. सकाळी घोडी परत आली, ती पाठीला हात लावू देईना. दोन्ही बाजूंना सूज आणि एका जागी कातडे सोललेले. आबा कोणाला काही बोलले नाहीत. हळद-तेल लावत राहिले. पाच आठवडे बाजार बुडाले. त्या पावसाळ्यात बियाणे उसने आणावे लागले आणि आजीच्या पाटल्या तालुक्याला गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

म्हणून लाकडाचे जीन वाईट, असे नाही. इंग्रजी रिसाल्यात स्वाराबरोबर हत्यारे, कांबळे, दाणा असे मोठे ओझे असे आणि त्याला सांगाडाच हवा. त्यांच्या १९१२ सालच्या नमुन्याच्या जिनाला पोलादी कमानी आणि पाठीप्रमाणे हलणाऱ्या लाकडी फळ्या होत्या. म्हणजे वाळणाऱ्या आणि भरणाऱ्या पाठीचा प्रश्न त्यांनाही पडला होताच. जीन असो, खोगीर असो, ते त्या घोड्याच्या त्या दिवसाच्या पाठीला बसते का, हे बघावेच लागते.

आता रिसाले गेले, बाजाराला टेम्पो जातो. पण दिवाळीच्या सुमाराला कोकणाकडे उतरणारे धनगरांचे वाडे बघा. घोडीच्या पाठीवर गोणपाट, त्यावर घोंगड्यांच्या घड्या, त्यावर भांडीकुंडी, कोंबड्या, कोकरे, कधी मूलसुद्धा. दोन्ही बाजूंचे वजन हाताने तोलून बांधलेले. आणि शहरातले हौशी स्वार सांगाडा नसलेली नवी परदेशी जिने घेतात. त्यांची किंमत ऐकून आजीने दाभण खाली ठेवले असते. सोबत सूचना येतात: कण्याची वाट मोकळी ठेवा, खाली चांगली गादी घाला, ओट्यावरून चढा, फेरी झाल्यावर घामाचा ठसा बघा.

सारंगखेड्याच्या किंवा अकलूजच्या घोडेबाजारात कोणी असे नवे जीन घ्यायला निघाला, तर एवढेच सांगेन. आधी आपल्या घोड्याची पाठ बघा, मग आपले वजन बघा, आणि आतली भरती काढता-घालता येते का ते विचारा. येत नसेल, तर शिमग्याला घोडा वाळल्यावर ते जीन त्याला टोचणार.