पाचही स्पीकर शोकेसवर, मग मागून आवाज येणार कुठून?

होम थिएटर घरी आलं की बऱ्याच घरांत पाचही स्पीकर टीव्हीखालच्या शोकेसवर ओळीनं मांडले जातात. दिसायला छान दिसतं, पण पैसे सराउंडचे मोजून आवाज मात्र सगळा समोरूनच येतो. दोष सेटचा नसतो, मांडणीचा असतो.

५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. मधला म्हणजे सेंटर स्पीकर टीव्हीच्या बरोबर खाली. सिनेमातले बहुतेक संवाद यातूनच येतात. डावा आणि उजवा असे ठेवायचे की बसायची जागा आणि हे दोन मिळून सारख्या बाजूंचा त्रिकोण होईल. बैठक स्पीकरपासून आठ फुटांवर असेल, तर दोघांमध्येही आठ फूट.

खरी चूक होते ती मागच्या दोघांत. हे पार पाठीमागच्या कोपऱ्यात टांगायचे नसतात. बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या रेषेपासून थोडे मागे, डोक्यापेक्षा फूट-दोन फूट वर, ही त्यांची जागा. सोफा किंवा दिवाण मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर दीड-दोन फूट पुढे ओढावा. वायर जोडताना लाल-काळं उलटं झालं तर आवाज पोकळ येतो, तेही एकदा बघून घ्यावं.

सबवूफर कोपऱ्यात ठेवला की धम्म धम्म जास्त होतं आणि शब्द कळत नाहीत. त्याची जागा शोधायची एक युक्ती आहे. सबवूफर थोडा वेळ बसायच्या जागेवर ठेवायचा, बासचं गाणं लावायचं आणि खाली वाकून खोलीभर फिरायचं. जिथं बास स्वच्छ ऐकू येतो, तिथंच सबवूफर ठेवायचा. घरच्यांना हसू येईल, पण उपाय खरा आहे.

मांडणी बरोबर असूनही मागचे स्पीकर गप्प असतील तर जोडणी तपासावी. मोबाइल ब्लूटूथनं जोडला किंवा साधी ऑक्स वायर लावली तर दोनच चॅनेल जातात. मग सेट तोच आवाज पाचांत वाटून देतो, तो काही खरा सराउंड नव्हे. टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टमधून किंवा ऑप्टिकल वायरनं सेट जोडावा. मग टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’वर असेल तर ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’वर न्यावं. जुनी गाणी, बातम्या आणि यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ मुळात दोनच चॅनेलचे असतात, त्यामुळे तपासणी ५.१ आवाजाच्या सिनेमावरच करावी.

खोलीचंही ऐकावं लागतं. उघडी फरशी, गुळगुळीत भिंती, वर पत्रा, म्हणजे आवाज घुमणारच. महागडे फोम लागत नाहीत. खाली सतरंजी, खिडकीला जाड पडदा आणि भिंतीवर एखादी घोंगडी टांगली तरी संवाद सुटे होतात.

५.१.२ मधला शेवटचा २ म्हणजे उंचीचे, ॲटमॉसचे स्पीकर. छताकडे तोंड करून आवाज वर फेकणारे स्पीकर सपाट स्लॅबखालीच काम करतात. उतरत्या पत्र्याच्या किंवा कौलारू घरात त्यावर जादा पैसे घालवू नयेत. तसंच खोक्यावरचे हजारो वॅट ‘पीएमपीओ’ वाचून भुलू नये. विचारायचा आकडा ‘आरएमएस’चा.

स्पीकरमधून सतत घुंई आवाज येत असेल तर आधी अर्थिंग वायरमनला दाखवावं. व्होल्टेज कमी-जास्त होणाऱ्या गावात टीव्ही आणि सेट स्टॅबिलायझरवर असलेले बरे. विजा होण्याची चिन्हं दिसली की नुसता स्विच बंद करून भागत नाही; प्लग आणि डिशची वायर दोन्ही वीज कडाडू लागण्याआधीच काढून ठेवावीत.