सिंगल फेजिंग

सिंगल फेजिंग हा थ्री-फेज विद्युत मोटरीच्या पुरवठ्यातील एक दोष आहे. तीन फेजपैकी एक खंडित होऊनही उरलेल्या दोन फेजवर मोटर जोडलेली राहते, तेव्हा हा दोष उद्भवतो. लेथ, ड्रिल, कॉम्प्रेसर आणि पंप यांच्या मोटरी जळण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

पार्श्वभूमी

भारतात थ्री-फेज पुरवठा ५० हर्ट्झ वारंवारतेचा असून दोन फेजमधील दाब सुमारे ४१५ व्होल्ट असतो. फेज ओळखण्यासाठी लाल, पिवळा आणि निळा हे रंग रूढ आहेत. मुंबई उपनगरातील अंधेरी पूर्व येथील मरोळ औद्योगिक क्षेत्र महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने (स्थापना १९६२) विकसित केले. अशा वसाहतींतील लहान कारखान्यांत बरीचशी यंत्रे थ्री-फेज मोटरींवर चालतात. एक मोटर जळाली तरी रिवाइंडिंग होईपर्यंत ते यंत्र बंद राहते.

कारणे

एकच फ्यूज उडणे, कॉन्टॅक्टरचा एक संपर्क झिजणे किंवा जळणे, टर्मिनलचा स्क्रू सैल होणे, केबलची एक तार तुटणे आणि ट्रान्सफॉर्मरच्या एका फेजमध्ये बिघाड होणे ही नेहमीची कारणे होत.

परिणाम

थांबलेल्या मोटरीत फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण होत नाही. त्यामुळे ती गुणगुणते, परंतु फिरत नाही आणि मोठा प्रवाह ओढत राहते. चालू मोटर मात्र भार फार नसल्यास फिरतच राहते. तेवढेच काम करण्यासाठी उरलेल्या दोन तारांतील प्रवाह सुमारे १.७३ पट होतो आणि वाइंडिंग तापते. यंत्र चालू दिसत असल्याने दोष लवकर ध्यानात येत नाही.

जळालेल्या वाइंडिंगवरूनही दोष ओळखता येतो. स्टार जोडणीत तीनपैकी दोन फेजचे वाइंडिंग काळे पडते व एक स्वच्छ राहते. डेल्टा जोडणीत एकच फेज जळते व दोन शाबूत राहतात. तिन्ही सारख्याच जळाल्या असतील, तर अतिभार किंवा अडकलेला रोटर यांचा संशय घ्यावा लागतो.

तपासणी

केवळ टेस्टरचा दिवा पेटला म्हणून फेज आहे, असे मानणे चूक ठरते. तुटलेल्या फेजच्या टोकावर मोटरीच्या वाइंडिंगमधून उलटा दाब येऊ शकतो. म्हणून लाल-पिवळा, पिवळा-निळा व निळा-लाल असे तिन्ही दाब मीटरने मोजून त्यांची तुलना केली जाते. मोजणी मुख्य स्विचपासून सुरू करून फ्यूज, कॉन्टॅक्टर, रिले आणि शेवटी मोटर या क्रमाने पुढे नेतात. ज्या टप्प्यानंतर दाब असमान होतो, त्या टप्प्यातच दोष असतो. चालू पुरवठ्यावरील मोजणी परवानाधारक तारतंत्र्यानेच करावी. दुरुस्तीपूर्वी मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढून ठेवणे आवश्यक असते.

प्रतिबंध

ओव्हरलोड रिले मोटरीच्या प्रत्यक्ष प्रवाहानुसार लावलेला असल्यास बहुधा संरक्षण मिळते. मोटर वारंवार बंद पडते म्हणून त्याची मर्यादा वाढवणे घातक ठरते. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर हे उपकरण फेज जाताच कॉन्टॅक्टर सोडते. केवळ दाबावर चालणारे उपकरण उलट्या दाबामुळे फसू शकते, तर प्रवाह मोजणारे अधिक भरवशाचे असते. थ्री-पोल सर्किट ब्रेकरचे तिन्ही पोल एकदम उघडतात. त्यामुळे एकाच फ्यूजच्या उडण्याने होणारा दोष टळतो.

साम्य व भेद

सिंगल फेजिंग आणि संपूर्ण वीज खंडित होणे यांत भेद आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई व परिसरात वीजपुरवठा खंडित झाला. अशा वेळी यंत्रे सरळ थांबतात. धोका असतो तो पुरवठा परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होण्याचा, आणि तो टाळण्यासाठी स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते.